सिंहासनाखालची खुर्ची

गोंडोर राज्याच्या राजधानीत, मिनास तिरिथच्या रस्त्यांवरून जाताना पिपिन या हॉबिटला मोठमोठे वाडे दिसतात. दारांवर सुबक अक्षरांत घराण्यांची नावं कोरलेली. आत ना पावलांचा आवाज, ना खिडकीत कुणाचा चेहरा. जे. आर. आर. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) या वर्णनाला मोजकीच वाक्यं मिळाली आहेत. पण गोंडोरचं राज्य उतरणीला लागलंय हे शत्रू वेशीवर यायच्या आधी, इथेच कळतं. वीरकथेत ऱ्हास रचतात कसा, ते बघायचं तर हे राज्य जरा उघडून बघावं.

आधी सनावळी. कादंबरीच्या परिशिष्टांत गोंडोरचा इतिहास दिलाय आणि त्यात एका दुखण्यातून दुसरं निघतं. तिथल्या कालगणनेनुसार १४३२ मध्ये गादीवरून भाऊबंदकी पेटते, त्यात जुनी राजधानी ओस्गिलियाथ जळते. १६३६ मध्ये मोठी साथ येते. राजा आणि त्याची सगळी मुलं दगावतात. शत्रूच्या मुलखाच्या, मॉर्डोरच्या सीमेवरची ठाणी ओस पडतात. पहारा उठवा असा हुकूम कुणी काढलेला नाही, पाठवायला माणूसच उरलेला नाही. शत्रू पुढे याच फटीतून आत शिरतो. दुष्टाचं निम्मं काम राज्याने आधीच करून ठेवलेलं असतं.

मग ती खुर्ची. २०५० मध्ये राजा एआर्नूर शत्रूचं आव्हान ऐकून त्याच्या किल्ल्यात जातो, तो परतत नाही. वारस नाही. राजा येईपर्यंत त्याच्या नावाने राज्य सांभाळायची शपथ कारभारी घेतो आणि पिढ्यान्‌पिढ्या ९६९ वर्षं तीच चालते. दरबारात सिंहासन रिकामं. त्याच्या खालच्या पायरीवर काळ्या दगडाची साधी खुर्ची, तिच्यात कारभारी. आपल्याला पादुकांपुढे बसलेला भरत आठवतो, पण भरताची चौदा वर्षं मोजलेली होती. लहानपणी बोरोमिर आपल्या बापाला, कारभारी डेनेथॉरला विचारतो, कारभाऱ्याचा राजा व्हायला किती वर्षं लागतात? डेनेथॉर सांगतो, हलक्या राज्यांत थोडी पुरतील. इथे दहा हजारही कमीच. उत्तरात केवढा तोरा आहे! पुढे राजा खरंच येतो, तेव्हा हाच डेनेथॉर त्याच्यापुढे वाकायला तयार नसतो.

मिनास तिरिथच्या किल्ल्यातलं, राजवंशाची खूण असलेलं पांढरं झाड २८७२ मध्ये मेलं. नवं रोप मिळेना, म्हणून वठलेलं खोडच उभं ठेवलंय आणि त्याच्याभोवती पहारेकरी. हे प्रतीक मला जरा जास्तच समोर मांडलेलं वाटतं.

त्यापेक्षा शुश्रूषागृहातला प्रसंग बघा. परतलेला राजा, जुन्या राजवंशातला अरागॉर्न जखमींसाठी अथेलास नावाचा पाला मागतो. औषधींचा जाणकार लगबगीने येतो आणि त्या वनस्पतीचं गावठी नाव, खानदानी नाव, त्याहून प्राचीन भाषेतलं नाव घडाघडा सांगतो. पाला मात्र कोठीत नाही. कशाला ठेवायचा? कोंदट हवेला जरा वास येतो, म्हातारी माणसं डोकं दुखलं की काढा घेतात, एवढाच काय तो उपयोग. या पाल्यावरचं जुनं गाणंही त्याला पाठ आहे; त्याच्या लेखी ती बायाबापड्यांची बडबड. खऱ्या राजाचे हात रोग बरे करतात, ही जुनी समजूत तिथे बोलून दाखवते ती योरेथ, तोंडाला खळ नसलेली म्हातारी सेविका. १९५१ च्या एका पत्रात टोल्किनने उतरत्या गोंडोरला बायझँटियमची उपमा दिली होती. या जाणकाराला तिथे नोकरी सहज मिळाली असती.

शोधाशोध होते. शेवटी बेर्गिल नावाचं दहा वर्षांचं पोर धावत येतं. त्याच्या हातातल्या फडक्यात सहा पानं असतात, निदान दोन आठवड्यांपूर्वी खुडलेली.