पत्त्यांच्या डावात चूक झाली की 'डायरेक्टर'ला का बोलावतात? ब्रिजचा हा नियम समजून घ्या

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरचं वाडिया पार्क. ६७ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा शेवटाकडे आली होती. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षेचं म्हणणं होतं, पाठ पूर्ण टेकलीच नव्हती. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथही मारली. नंतर फायनलमध्ये महेंद्र गायकवाडही पंचांवर नाराज होऊन मॅट सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

व्हिडीओ व्हायरल झाले. पंच चुकले की पैलवान, यावर लोक भरपूर भांडले. पण मुद्द्याचा प्रश्न मागेच राहिला. निर्णय पटला नाही किंवा समोरच्याने नियम मोडला, तर खेळाडूने नेमकं करायचं काय?

याचं उत्तर एका खेळाने अगदी बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवलंय. तो खेळ म्हणजे ब्रिज.

आधी ब्रिज काय आहे ते बघू. चार खेळाडू, समोरासमोर बसणारे दोन-दोन भिडू, प्रत्येकाला १३ पानं. आधी बोली लागते, मग हुकूम ठरतो आणि किती हात करायचे तेही ठरतं. हा नुसता टाइमपास नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी याच खेळात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं होतं.

क्लबमध्ये खेळतात ते 'डुप्लिकेट' ब्रिज. तेच वाटलेले पत्ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात आणि त्याच पानांवर कोणी जास्त चांगला खेळ केला, ते बघून गुण मिळतात. म्हणजे एका टेबलावर चूक तशीच सोडून दिली, तर त्याचा फटका दुसऱ्या टेबलावरच्यांनाही बसतो. घरी मेंढीकोट खेळताना आपण म्हणतो, "अरे चुकून पडलं, उचल पान." इथे तसं चालत नाही.

कुस्तीत पंच मॅटवरच असतो. ब्रिजचा पंच, म्हणजे डायरेक्टर, पूर्ण हॉलसाठी बहुतेक वेळा एकच असतो. त्यामुळे त्याला हाक मारावी लागते. वर्ल्ड ब्रिज फेडरेशनचे २०१७ चे नियम सांगतात की, चुकीकडे कोणी लक्ष वेधलं की लगेच डायरेक्टरला बोलवा आणि तो येईपर्यंत कोणीही पुढची चाल करू नका. टेबलावरच्या चौघांपैकी कोणीही त्याला बोलावू शकतं, अगदी ज्याची चूक झाली तोसुद्धा. चुकीची भरपाई काय असावी, हे मात्र खेळाडूंनी आपापसात ठरवायचं नाही.

का? कारण नियम वाटतात तितके सोपे नाहीत.

समजा, उतारी डावीकडच्या खेळाडूची होती, पण त्याच्या भिडूने चुकून बदामची राणी टाकली. आता डाव खेळणाऱ्यासमोर पाच पर्याय असतात.

१. उतारी मान्य करायची, आपल्या भिडूची पानं उघडायची आणि नेहमीसारखा डाव खेळायचा.
२. उतारी मान्य करायची, पण स्वतःची पानं उघडून डाव भिडूच्या हातात द्यायचा.
३. राणी परत घ्यायला लावायची आणि ज्याची उतारी होती त्याला बदामच उतरायला सांगायचं.
४. राणी परत, पण त्याला बदाम उतरायला मनाई करायची.
५. त्याला हवं ते उतरू द्यायचं, पण राणी टेबलावर उघडीच राहणार आणि नियमात बसेल त्या पहिल्या संधीला तीच टाकावी लागणार.

नवख्या खेळाडूला यातले दोनच माहीत असतील, तर अनुभवी खेळाडू आपल्या सोयीचा पर्याय त्याच्या गळ्यात मारू शकतो. डायरेक्टर आला की तो पाचही पर्याय समजावून सांगतो. थोडक्यात, त्याला बोलावण्याचा सगळ्यात जास्त फायदा नवख्यालाच होतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे हातात रंग असून न देणं. ती वेळेत लक्षात आली तर पान बदलता येतं. पुढच्या हाताचा खेळ झाला असेल, तर परिस्थितीनुसार एक किंवा दोन हात समोरच्या जोडीला द्यावे लागतात. त्यानेही नुकसान भरून निघत नसेल, तर डायरेक्टर गुण बदलू शकतो.

सगळ्यात नाजूक विषय आहे तो बोली लावताना खूप वेळ थांबण्याचा. विचार करायला थांबणं हा गुन्हा नाही. पण त्या थांबण्यावरून भिडूच्या हातात काय असेल ते ओळखून खेळणं नियमात बसत नाही. इथेच "तू चीटिंग केलीस" असं तोंडातून निघू शकतं आणि भांडण पेटतं. त्यामुळे समोरच्यावर आरोप न करता फक्त "डायरेक्टर, प्लीज" म्हणायचं. पुढचं तो बघतो.

नियमपुस्तिकेच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की, हे नियम मुख्यतः शिक्षेसाठी नाहीत. ज्याची चूक नाही त्याचं नुकसान होऊ नये, यासाठी ते आहेत. म्हणून डायरेक्टरला बोलावणं म्हणजे तक्रार करणं नव्हे.

आणि डायरेक्टरच चुकला तर? तेव्हाचा निर्णय मानून खेळ पुढे न्यायचा. मग निकाल लागल्यावर साधारण ३० मिनिटांत अपील करता येतं. मात्र अट एकच, दोन्ही भिडूंचं त्यावर एकमत हवं. टेबलावर हुज्जत घालत बसलात, तर डायरेक्टर गुण कापू शकतो आणि त्या सत्रापुरतं बाहेरही बसवू शकतो.

वाडिया पार्कवर पाठ टेकली होती की नाही, यावर आजही दोन मतं ऐकू येतात. पण आक्षेपाचं रूपांतर धक्काबुक्कीत झालं की चर्चा त्या धक्काबुक्कीचीच होते, आक्षेप बाजूला पडतो. ब्रिजच्या टेबलावर त्याच आक्षेपासाठी एक हाक आणि अर्ध्या तासाची मुदत ठेवलेली आहे.