चाक बसत नाही? पाना नको, आधी ब्रेकची कळ पाहा

अमरावती/अकोला : पातळ टायरच्या रेसिंग सायकली आता अमरावती-अकोला रस्त्यावर नवलाच्या राहिल्या नाहीत. लोणी ते माना दरम्यान 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला अन् त्याचं नाव गिनीज बुकात गेलं. अशा रस्त्यावर सायकल पळते. पण कडेला उतरलं की बाभळीचा काटा अन् सराटा काही गिनीज बुक पाहत नाही. टायर बसतं आणि सायकल ढकलत फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे येते.

पंक्चरवाल्याचा हात बसलेला असतो साध्या काळ्या सायकलीवर. चाक खोलायचं, पंक्चर काढायचं, इथपर्यंत ठीक जमतं. हवा भरली आणि चाक परत चिमट्यात घालायला गेलं, की ते मध्येच अडकतं. "आत्ताच तं निघालं होतं, आता काहून जाऊन नाही राह्यलं?" मग कोणी बुक्की मारून चाक कोंबतो, कोणी ब्रेकच्या तारेचा नटच ढिला करतो. दोन्हीत नुकसान सायकलवाल्याचं.

कारण साधं आहे. रेसिंग सायकलीचा ब्रेक चिमट्यासारखा रिमला दोन्ही बाजूंनी धरतो. रबरी गुटके रिमपासून जेमतेम दोन-दोन मिलिमीटरवर असतात. रिम 20 मिलिमीटरच्या आसपास, टायर मात्र 25 चं, काही सायकलींना 28 चं. हवा नसलेलं टायर दबून गुटक्यांमधून निघून येतं, हवा भरलेलं फुगून अडकतं. दार अरुंद अन् पोतं भरलेलं, असा प्रकार. म्हणून चाक काढायच्या आधीच दार उघडायचं.

ते उघडायची सोय कंपनीनेच करून ठेवलेली असते. शिमानोच्या आणि तशाच धाटणीच्या ब्रेकवर, जिथं तार येऊन अडकते तिथं, बोटाएवढी एक छोटी कळ असते. ती खाली असली की ब्रेक बंद. वर फिरवली की दोन्ही गुटके लांब सरकतात अन् चाक मोकळं. पाना लागत नाही, नटाला हात लावायचा नाही. कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीच्या ब्रेकवर ही कळ सहसा खाली सापडत नाही. तिथं हँडलच्या ब्रेक मुठीतच एक बारीक खिटी असते, मूठ थोडी दाबून ती सरकवायची.

गावात जास्त दिसतात त्या पोरांच्या जाड टायरच्या गिअर सायकली. त्यांना बहुतेक व्ही ब्रेक. टायरच्या दोन्ही बाजूंना उभ्या दोन दांड्या, आणि एका बाजूने तार वाकड्या नळीतून आलेली. इथं कळ नसते. एका हाताने दोन्ही दांड्या रिमकडे दाबून धरायच्या, तार सैल पडते, मग ती वाकडी नळी तिच्या खाचेतून मागे ओढून सोडवायची. दांड्या आपोआप फाकतात. नळी गंजली असेल तर अर्धं तास जातं, ते वेगळं.

आता चाकाचा आस. पुष्कळ रेसिंग सायकलींना तिथं नट नसून लांब कळ असते. याची एक गोष्ट सांगतात. नोव्हेंबर 1927 मध्ये इटलीतल्या एका घाटात, शर्यतीत, तुलिओ कॅम्पाग्नोलो या सायकलपटूची बोटं थंडीनं बधिर झाली अन् चाकाचे नट काही फिरले नाहीत. त्यातून त्याला ही कळ सुचली म्हणतात. पुढे वर लिहिलेली कंपनी त्यानेच काढली. ही कळ नटासारखी गरगर फिरवून आवळायची नसते. उलथवून उघडायची, उलथवून बंद करायची. बंद करताना तळहातावर तिचा ठसा उमटला पाहिजे, एवढा जोर हवा. पुढच्या चिमट्याला टोकाशी कड असते, म्हणून कळ उघडून समोरची चकरी दोन-चार आटे ढिली केल्याशिवाय चाक खाली येत नाही. मागचं चाक काढण्याआधी गिअर टाकून साखळी सगळ्यात लहान चक्रीवर आणावी, नाहीतर परत बसवताना हात काळे.

तसं पाहिलं तर नुसत्या पंक्चरसाठी चाक काढायची गरजच नाही. आपले पंक्चरवाले सायकल उलटी करून, टायरची एक बाजू काढून, ट्यूब बाहेर ओढतात. ती रीत याही सायकलीला चालते. चाक काढावंच लागतं ते ट्यूब बदलताना, किंवा सायकल गाडीत टाकून न्यायची असताना.

खरा धोका चाक बसवल्यावर आहे. कळ वरच राहते किंवा नळी खाचेबाहेरच राहते. गुटके रिमपासून लांब, मूठ दाबली तर थेट हँडलला टेकते. सपाट रस्त्यावर हळू चाललं की हे ध्यानातच येत नाही. ध्यानात येतं ते समोर ट्रॅक्टर वळल्यावर, किंवा 1,118 मीटर उंचीच्या चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना. म्हणून पैसे देण्याआधी, जागेवर उभं राहूनच दोन्ही मुठी दोन-दोनदा दाबून पाहायच्या. मग चाक उचलून फिरवायचं. ते गुटक्याला घासत असेल तर ब्रेकला हात लावू नका, चाकच वाकडं बसलंय. आसाची कळ उघडून, सायकल जमिनीवर उभी करून, परत आवळा.

अलीकडे चकतीचे म्हणजे डिस्क ब्रेक आलेत. तिथं टायर कितीही फुगीर असो, चाक तसंच निघतं, सोडवायचं काही नसतं. फक्त तेलाच्या डिस्क ब्रेकमध्ये, चाक बाहेर असताना पोरांना मूठ दाबू देऊ नये. आतले गुटके एकमेकांना चिकटतात अन् मग चकती आत जात नाही. तसं झालं तर चपट्या पेचकसाने हळूहळू फाकवावे लागतात. चाक काढलं की गुटक्यांच्या फटीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवला म्हणजे ती वेळच येत नाही.