हेडफोनमधला मारिओ

गेम कधीच ओव्हर झाला, पण ट्यून डोक्यातून जात नाही? मग आता गेमच्या म्युझिकचंही कलेक्शन होऊन जाऊ दे!

'हे कुठल्या पिक्चरचं आहे रे?' माझे हेडफोन्स कानाला लावणारा ऑफिसातला प्रत्येक जण हेच विचारतो. पिक्चरचं नाही बॉस, गेमचं! महिनाअखेरीला एक्सेलशी कुस्ती चालू असताना मी दुसरं काही ऐकतच नाही. कारण साधं आहे. हे संगीत बनवलेलंच असतं तासन्‌तास मागे वाजत राहण्यासाठी. बहुतेकदा शब्द नाहीत, ट्यून संपते तिथूनच पुन्हा सुरू होते, आणि समोरच्या कामावरचं लक्षही उडत नाही.

पाच चॅनल, एक जादू

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडलेला तो गेम आणि पिवळं कार्ट्रिज आठवतंय? त्यातल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची (१९८५) ट्यून कोजी कोंडो यांची. मशीनच्या चिपकडे आवाजाचे जेमतेम पाच चॅनल. दोन सुरावटीला, एक बेसला, एक ड्रमसारख्या खरखरीला आणि एक छोट्या रेकॉर्डेड आवाजांना. मारिओच्या उडीचा आवाजही यातच बसवायचा! एवढ्याशा जागेत केलेली ती ट्यून २०२३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या रेकॉर्डिंग्जमध्ये घेतली. हा मान मिळालेलं ते पहिलं गेम संगीत. २०२५मध्ये 'माइनक्राफ्ट'चा अल्बमही तिथे पोचला.

आणखी एक गंमत म्हणजे हे संगीत तुमच्या खेळण्याप्रमाणे बदलतं. 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये (१९९०) योशीच्या पाठीवर बसलात, की चालू ट्यूनमध्ये बोंगो वाजायला लागतात. उतरलात की बंद! सिनेमाच्या संगीतकाराला सीन किती मिनिटांचा ते माहीत असतं. इथे तुम्ही एका जागी दहा सेकंद थांबाल की अर्धा तास, हे संगीतकाराला कोण सांगणार?

गाणी गेली कुठे?

आता मुद्द्याचं. गेम विकत घेतला म्हणजे त्यातली गाणी आपली झाली, असं वाटतं ना? तसं नसतं. 'जीटीए ४' आला २००८मध्ये. गाडीत बसून रेडिओ लावायचा आणि शहरभर भटकायचं, ही त्यातली खरी मजा. दहा वर्षांनी, २०१८मध्ये, अनेक गाण्यांच्या हक्कांचे करार संपले आणि एका अपडेटसरशी ती गेममधून गायब झाली. 'व्लादिवोस्तोक एफएम' या रशियन स्टेशनवर तर बरीचशी नवीच गाणी आली. गेम तोच, रस्ते तेच, रेडिओ मात्र परका!

याउलट 'व्हाइस सिटी'ची (२००२) गाणी सात सीडींच्या बॉक्समध्ये निघाली होती. एका स्टेशनला एक सीडी. ज्यांनी तो बॉक्स जपला, त्यांच्या कपाटातून एकही गाणं कुणी काढू शकत नाही. माझ्या कलेक्शनच्या वेडामागचा फंडा हाच आहे. आवडलेलं संगीत आपल्याजवळ हवं, दुसऱ्याच्या सर्व्हरच्या भरवशावर नको.

सुरुवात कुठून कराल?

- 'माइनक्राफ्ट : व्हॉल्यूम अल्फा' (२०११). सी४१८ या संगीतकाराचा शांत, पियानोने भरलेला अल्बम. डेडलाइनच्या दिवशी रामबाण!

- 'अंडरटेल' (२०१५). टोबी फॉक्सचे तब्बल १०१ ट्रॅक. आठवडाभराच्या लोकल प्रवासाची सोय झाली समजा.

- 'बाबा येतू'. 'सिव्हिलायझेशन ४'मधलं (२००५) ख्रिस्तोफर टिन यांचं स्वाहिली गाणं. २०११मध्ये ग्रॅमी मिळवणारं हे पहिलं गेम संगीत.

- 'राजी' (२०२०). गेम आपल्या पुण्यात बनलेला, संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं. ऐकाच.

खरेदी करताना एकच बघा, फाइल डाउनलोड होऊन आपल्या हार्ड डिस्कवर येतेय ना? बँडकॅम्पवर येते. स्टीमवर तर २०२०पासून गेम न घेताही नुसता साउंडट्रॅक घेता येतो. एक बॅकअप पेन ड्राइव्हवर टाका आणि फाइलच्या नावात संगीतकाराचं नाव आवर्जून लिहा. गेमचं नाव सगळ्यांना पाठ असतं, ट्यून बांधणाऱ्याचं कुणालाच नाही. निदान आपल्या फोल्डरमध्ये तरी त्याला क्रेडिट मिळू दे!