रक्तात परजीवी, तरी पोर खेळतंय!

मालीतल्या खेड्यांत कोरडा ऋतू आला की डास जवळजवळ नाहीसे होतात. पोरं धुळीत फुटबॉल खेळत असतात. अशा वेळी त्यांच्या बोटातून रक्ताचा एकेक थेंब घेऊन तपासला, तर काहींच्या रक्तात हिवतापाचे परजीवी सापडतात. तेही फाल्सिपेरम जातीचे, म्हणजे थेट मेंदूला गाठणारे, जीव घेणारे. पण मुलाला ताप नाही, थंडी नाही, साधी डोकेदुखीसुद्धा नाही. मुंबईतल्या धडधाकट माणसाच्या रक्तात याहून कमी परजीवी असले, तरी तो हुडहुडी भरून अंथरूण धरतो.

या मुलांना हे जमतं कसं? शंभरहून अधिक वर्षं शास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे आहेत आणि त्यांच्या हाती लागलेली एकेक गोष्ट थक्क करणारी आहे.

आईकडून आलेली शिदोरी

हिवतापाच्या प्रदेशात जन्मलेलं बाळ पहिले सहाएक महिने बऱ्यापैकी सुरक्षित असतं. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून त्याच्याकडे आलेली असतात. शिवाय गर्भातलं खास हिमोग्लोबिन अजून त्याच्या रक्तात असतं आणि त्यात परजीवीची वाढ नीट होत नाही. मग ही शिदोरी संपते. तिथून पाचव्या वाढदिवसापर्यंतचा काळ सर्वांत घातक. २०२३ साली जगात हिवतापाने अंदाजे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि आफ्रिकेतल्या दर चार मृतांपैकी तीन पाच वर्षांखालची मुलं. पुढची सगळी नवलाई वाचताना हा आकडा मनातून जाऊ देऊ नये.

गोवराचा नियम इथे लागू नाही

गोवर एकदा झाला की बहुधा जन्माची सुटका. हिवतापाचं तसं नाही. इथे संरक्षण थराथराने चढतं. आधी जीवघेण्या आजारापासून बचाव होतो, मग काही वर्षांनी साध्या तापापासून. परजीवीला रक्तात पाऊलच ठेवू द्यायचं नाही, हे मात्र आयुष्यभर डास चावून घेतलेल्या माणसालाही पूर्णपणे जमत नाही.

यातला पहिला थर आश्चर्य वाटावं इतक्या लवकर चढतो. कोलकात्यात जन्मलेल्या सुनेत्रा गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली गणिताच्या आधारे दाखवलं, की मेंदूचा हिवताप वगळला तर गंभीर आजारापासूनचं संरक्षण एकदोन लागणींतच येऊ शकतं. मला ही बातमी दिलासा देणारी वाटते आणि अस्वस्थही करते, कारण त्या पहिल्या एकदोन लागणींतून मूल वाचायला तर हवं!

साठ सोंगांचा बहुरूपी

मग पुढचे थर चढायला इतका उशीर का लागतो? परजीवी तांबड्या पेशीत शिरला की तिच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक चिकट प्रथिन आणून ठेवतो. त्याच्या जोरावर ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसते. वाहत वाहत प्लीहेत गेली, तर तिथे गाळली जाऊन नष्ट होईल ना! शरीराने या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवेपर्यंत परजीवी दुसरं प्रथिन पुढे करतो. एकेका परजीवीजवळ अशा प्रथिनांची साधारण साठ जनुकं असतात. हा बहुरूपी दारात आला की मुलाच्या शरीराला एकेक सोंग ओळखत बसावं लागतं. त्यात शेजारच्या घरातल्या परजीवीची साठ सोंगं आणखी वेगळी.

मालीतली ती फुटबॉल खेळणारी पोरं आठवा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की कोरड्या ऋतूत परजीवी असलेल्या पेशी भिंतींना कमी चिकटतात, जास्त वेळ वाहत राहतात आणि प्लीहा त्यांतल्या पुष्कळ गाळून टाकते. संख्या कमी राहते, म्हणून मूल आजारी पडत नाही. ते आजारी पडत नाही म्हणून औषध मिळत नाही, आणि पुढच्या पावसात डास येईपर्यंत परजीवी तग धरतो.

आधी कॉख, मग गँबिया

क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख १८९९च्या सुमारास जावा आणि न्यू गिनीत रक्त तपासत हिंडत होते. हिवतापाच्या गावांत त्यांना लहान मुलांच्या रक्तात परजीवींची गर्दी दिसली आणि तिथेच वाढलेल्या मोठ्या माणसांत जवळजवळ शुकशुकाट. मोठी माणसं लहानपणीच्या लागणींतून तयार झाली आहेत, हा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला.

ही तयारी शरीरात नेमकी असते कुठे, याचं उत्तर १९६१ साली गँबियातून आलं. सिडनी कोहेन, इयान मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी तिथल्या प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचा अंश वेगळा केला आणि हिवतापाने आजारी असलेल्या मुलांना टोचला. काही दिवसांत मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. दोन वर्षांनी पश्चिम आफ्रिकेतल्या प्रौढांचा हाच अंश पूर्व आफ्रिकेतल्या मुलांनाही लागू पडला. १९९१ साली आफ्रिकेतली प्रतिपिंडं थायलंडमधल्या रुग्णांना दिली, तिथेही परजीवी घटले. सोंगं साठ असोत की सहाशे, कुठेतरी काहीतरी सामाईक आहे, ही आशा या प्रयोगांनी दिली. लसीमागच्या साऱ्या धडपडीला तिथून बळ मिळालं.

पोटावर हात, गावाचं निदान

सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसण्याच्या कितीतरी आधी, १८४०च्या दशकात डेम्पस्टर नावाच्या डॉक्टरने कर्नालकडच्या यमुना कालव्यालगतच्या गावांत लोकांची पोटं चाचपून प्लीहा वाढली आहे का, हे पाहिलं. वारंवार हिवताप झाला की प्लीहा फुगते. पुढे २ ते ९ वर्षांच्या मुलांतली वाढलेली प्लीहा हे गावातल्या हिवतापाचं जगभर मान्य माप ठरलं. त्यात मुलंच का? कारण अतितीव्र हिवतापाच्या गावात मुलांपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक जणांची प्लीहा हाताला लागते, पण मोठ्यांची प्रतिकारशक्ती पक्की झाल्यामुळे त्यांच्यातलं प्रमाण खाली आलेलं असतं.

मोठी माणसं लवकर शिकतात

इंडोनेशिया सरकारने जावातली कुटुंबं पापुआत वसवली. जावातल्या या लोकांचा हिवतापाशी फारसा संबंध आला नव्हता. पापुआत तो ठाण मांडून होता. सुरुवातीला लहानमोठे सगळेच आजारी पडले. पण एकदोन वर्षांत मोठ्यांचं प्रमाण घसरलं, मुलांचं मात्र तसंच राहिलं. डास तेच, मुक्काम तेवढाच. म्हणजे किती वेळा लागण झाली एवढंच मोजून भागत नाही, शरीराचं वयही मोजावं लागतं. या साऱ्या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

पहिलटकरणीची वार

आफ्रिकेतल्या खेड्यात वाढलेली, हिवतापाला सरावलेली तरुणी पहिल्यांदा गरोदर राहते आणि पुन्हा हिवतापाच्या तावडीत सापडते! वारेत परजीवीला चिकटायला एक नवी जागा मिळते, आणि तिथे धरणारं त्याचं प्रथिन तिच्या शरीराने कधी पाहिलेलंच नसतं. हे १९९६ साली मिशाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांच्या केनियातल्या कामातून उलगडलं. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणापर्यंत तिची प्रतिपिंडं तयार होतात. पहिल्या बाळाला मात्र कमी वजनाचा फटका बसू शकतो.

सिकलसेल: गडचिरोलीपर्यंतचा धागा

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं एकच जनुक असलेली, म्हणजे वाहक मुलं गंभीर हिवतापापासून जवळपास ९० टक्के सुरक्षित असतात. हे नातं अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतून मांडलं. केनियातल्या किलिफीत २००५ साली आणखी एक पैलू दिसला. साध्या हिवतापापासून या मुलांना मिळणारं संरक्षण पहिल्या दोन वर्षांत २० टक्के होतं, ते दहाव्या वर्षापर्यंत ५६ टक्क्यांवर गेलं. जनुक तर जन्मापासून तेच! म्हणजे ते शरीराला शिकायलाही मदत करत असावं. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल का टिकला, याचं मूळही हिवतापाशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या झगड्यात आहे. दोन्ही जनुकं सदोष असलेल्या मुलांना त्याची किंमत आजही असह्य वेदनांनी मोजावी लागते.

डास मारावेत की नाहीत?

१९५० साली युगांडात, कंपालाच्या परिषदेत तज्ज्ञांनी यावर खरोखर वाद घातला. एक बाजू म्हणाली, फवारणीने लागण कमी झाली तर मुलांत प्रतिकारशक्ती येणार नाही, आणि फवारणी थांबली की हाहाकार होईल. भीती निराधार नव्हती. मादागास्करच्या उंच भागात फवारणीने हिवताप जवळजवळ गेला आणि १९८०च्या दशकात परतला तेव्हा माणसं मोठ्या संख्येने मेली. लहानपणी जुना हिवताप भोगलेले चाळिशीपुढचे लोक तरुणांपेक्षा बरेच तगले. तरीही कंपालाच्या परिषदेने हिवताप जिथे असेल तिथे रोखावा, असंच ठरवलं, आणि ते योग्यच होतं. नैसर्गिक म्हणून या प्रतिकारशक्तीचं कौतुक करताना ती किती मुलांच्या मृत्यूंवर उभी राहते, हे विसरणं मला मान्य नाही.

पुण्यातून निघालेली कुपी

निसर्ग मुख्यतः रक्तातल्या परजीवीशी लढायला शिकवतो. लस त्याच्या आधीच्या मुक्कामावर गाठते: डासाने टोचलेला परजीवी यकृतात पोचण्याआधी. आरटीएस,एस ही अशी पहिली लस. घाना, केनिया आणि मलावीत २०१९पासून ती प्रायोगिक तत्त्वावर दिली, तेव्हा त्या वयोगटातले बालमृत्यू १३ टक्क्यांनी घटले. दुसरी, आर२१, ऑक्सफर्डमध्ये घडली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शिफारस केली आणि जुलै २०२४मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती मुलांना टोचायला सुरुवात झाली. पहिला डोस साधारण पाचव्या महिन्यात, म्हणजे आईची शिदोरी संपत येते तेव्हा. पहिल्या तीन डोसांचा असर ओसरत जातो, म्हणून वर्षभराने चौथा. आणि चारही डोस झाले तरी रात्री मच्छरदाणी हवीच.