तोंडापासून जठरापर्यंत : नेहमीच्या तक्रारी

● तोंड येणे : ओठ, जीभ किंवा गालाच्या आत येणारे पांढरट, झोंबणारे व्रण बहुधा ७ ते १४ दिवसांत आपोआप भरतात. वारंवार तोंड येत असेल, तर लोह, बी-१२ आणि फॉलिक ॲसिडची कमतरता तपासावी. ३ आठवड्यांनंतरही न भरलेला व्रण डॉक्टरांना दाखवावाच.

● तोंड कमी उघडणे : सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर कडक होते. हा सबम्युकस फायब्रोसिस. आधी तिखट सोसेनासे होते, मग आपलीच ३ बोटे एकावर एक धरून तोंडात मावत नाहीत. पुढे कर्करोगाचा धोका असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. पण हा आजार नुसत्या सुपारीनेही होतो.

● छातीत जळजळ : अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडली, की जठरातले आम्ल वर येते. जेवल्यावर २-३ तास आडवे होऊ नये. पलंगाची उशाकडची बाजू १५-२० सेंमी उंच करावी.

● जठरव्रण : मुख्य कारणे दोन : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५चे नोबेल मिळाले. प्रतिजैविकांचा कोर्स अर्धवट सोडू नये.

लगेच डॉक्टर गाठा : घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, विनाकारण घटणारे वजन. छातीतल्या दुखण्याबरोबर घाम फुटला किंवा हात, जबडा दुखू लागला, तर ‘ॲसिडिटी’ समजून घरी थांबू नका. हृदयविकाराचा झटका असू शकतो.