गोठ्याशेजारची शाळा

रणजितसिंह डिसले २००९ साली सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेची पार पडझड झाली होती. एका अंगाला जनावरांचा गोठा, दुसऱ्या अंगाला अडगळीची खोली. त्याच शाळेच्या या गुरुजींना ३ डिसेंबर २०२० रोजी 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाले. रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

परितेवाडीसारख्या शाळांमागे दीडशे वर्षांची वाटचाल आहे. इंग्रजी अमलाआधी गावोगावी पंतोजी शिकवायचे आणि पोरे धुळाक्षरे गिरवायची. पुढे १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांचा, बाकीचा मुख्यतः रस्त्यांचा. म्हणजे गावच्या शाळेला शेतकऱ्याच्याच साऱ्यातून पैसा मिळाला. इमारत मात्र बहुतेक ठिकाणी नव्हतीच. चावडीत, धर्मशाळेत किंवा मारुतीच्या देवळात वर्ग भरत. १९२३ च्या कायद्याने या शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे गेल्या आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर त्यांच्याकडे.

सोलापूरचा पेच आणखी वेगळा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांत घराघरांत कन्नड बोलली जाते, म्हणून इथल्या जिल्हा परिषदेला मराठीबरोबर कन्नड माध्यमाच्याही शाळा चालवाव्या लागतात. पहिलीतल्या मुलाला गुरुजींचे बोलणेच कळले नाही, तर छप्पर धड असून उपयोग काय?

डिसले यांनी वाट काढली ती पाठ्यपुस्तकातूनच. पानावर क्यूआर कोड चिकटवायचा. मोबाइल त्यावर धरला, की कविता ऐकू येते, धड्याची चित्रफीत दिसते. घरी शिकवणारे कुणी नसले, तरी मूल तोच धडा पुन्हा बघू शकते. शिक्षक रजेवर असला, तरी धडा अडत नाही. परितेवाडीतला हा प्रयोग राज्याने २०१७ मध्ये सर्व इयत्तांच्या पुस्तकांसाठी उचलला. पुढे एनसीईआरटीनेही क्यूआर कोड स्वीकारले.

आता अडचण पटाची आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. दुसरीकडे, राज्याच्या शिक्षण विभागाने २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी, त्या एकत्र आणणाऱ्या मोठ्या समूहशाळांचे प्रस्ताव मागवले. मोठ्या शाळेत वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळतो, खेळायला सवंगडी मिळतात, हे खरेच. पण सहा वर्षांची मुलगी ओढा ओलांडून तिथे रोज जाणार कशी? एसटीची वेळ जुळली नाही, तर आधी तिचीच शाळा सुटते. तेव्हा वाडीवरची शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आला, की त्यासोबत त्या वाडीतल्या प्रत्येक मुलाच्या प्रवासाची लेखी हमी ग्रामसभेपुढे आलीच पाहिजे.