हात कामात, कान मोकळे

आम्ही केळशीहून बोलतोय, दापोली तालुक्यातून. आज विषय हप्त्याचा नाही, कर्जाचाही नाही. आज बोलायचंय बिनवायरच्या स्वस्त इयरफोनबद्दल.

विषय निघाला गटाच्या बैठकीत. सुपारी सोलायला बसलं की आपले दोन्ही हात गुंतलेले. तेवढ्या वेळात काही ऐकावं म्हटलं, तर इयरफोनची वायर मध्ये येते. एकीची वायर तर विळीवर कापलीच गेली. स्पीकरवर लावावं तर घरातल्या टीव्हीशी स्पर्धा. मग एकीनं विचारलं, "ते बिनवायरचे घेऊया का? गटातून?" दुसरी लगेच म्हणाली, "ती कॉलेजच्या पोरींची हौस. आपल्याला काय करायचंय?" शेवटी ठरलं, आधी वापरून बघू. दोघींनी आपापल्या पैशानं दोन प्रकार आणले आणि आम्ही पाच जणींनी ते महिनाभर आलटून पालटून वापरले. दुसरीला देताना कानात जाणारं रबर बदलायचं, हा नियम. खोक्यात लहान, मध्यम, मोठं असे रबराचे तीन जोड येतात.

पहिला प्रकार नेकबँड. हा पट्टा गळ्यात राहतो आणि त्याच्या दोन टोकांना बोंडं असतात. दुसरा प्रकार इयरबड, म्हणजे दोन सुटी बोंडं आणि ती ठेवायची डबी. दोन्ही हजार रुपयांच्या आगेमागे मिळाले.

आमच्या कामाला नेकबँड बरा पडला. कुणी हाक मारली की बोंड काढायचं, ते गळ्यात लोंबत राहतं. सुटं बोंड कानातून निसटलं की शोधत बसा. आमचं एक सुपारीच्या ढिगात गेलं, ते अर्ध्या तासानं सापडलं. चार्जिंगही नेकबँडचं जास्त टिकलं, कारण पट्ट्यात मोठी बॅटरी मावते. सुटी बोंडं मात्र सारखी डबीत ठेवून भरावी लागतात.

हे चालतं ब्लूटूथवर. फोन आणि इयरफोन एकमेकांशी रेडिओ लहरींनी बोलतात, साधारण दहा मीटरपर्यंत. फोन माजघरात आणि आपण पडवीत, इथवर छान ऐकू आलं. मागच्या विहिरीवर गेलो तर आवाज तुटायला लागला, कारण मध्ये जांभ्याची जाड भिंत. म्हणून फोन जवळ ठेवलेला बरा. फोनवर बोलायलाही हे चालतात, पण समुद्राच्या वाऱ्यात नको. मुंबईच्या माणसाला आपल्या बोलण्याऐवजी वाऱ्याचा घोंघाट ऐकू जातो.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण आम्ही इथेच फसलो होतो. फोनमधला एफएम रेडिओ या इयरफोनवर एकट्यानं लागत नाही. बहुतेक फोनमध्ये वायरच्या इयरफोनची वायर हीच रेडिओची एरियल असते. वायर नाही, तर स्टेशन नाही. इंटरनेटवरून कार्यक्रम ऐकलात तर बिनवायरचे चालतात, पण त्याला डेटा लागतो. म्हणून दीडदोनशेची वायर टाकून देऊ नका. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. वीज गेली, मोबाईलची रेंज गेली, आणि ती लवकर आली नाही. अशा वेळी सेलवरचा साधा रेडिओच कामाला येतो. तो घरात हवाच.

घेताना काय बघायचं? खोक्यावर बीआयएसची खूण आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. चार्जिंगला आपल्या फोनचाच चार्जर चालेल का, ते विचारा. पक्कं बिल घ्या, वॉरंटी बिलावरच चालते. वस्तू खराब निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खोक्यावर 'आयपीएक्स ४' लिहिलं असेल, तर तो शिंतोडे आणि घाम सोसतो, बुडवलेला सोसत नाही. आपल्याकडे खारं वारं. चार्जिंगच्या टोकांना गंज चढतो, म्हणून काम झालं की कोरड्या फडक्यानं पुसा.

आता कानाची काळजी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. तोच ९० झाला तर आठवड्याला फक्त ४ तास, आणि १०० झाला तर अवघी २० मिनिटं. आकडा थोडाच वाढतो, पण कानावरचा भार झपाट्यानं वाढतो. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. मिक्सर चालू आहे म्हणून आवाज वाढवू नका, त्यापेक्षा कार्यक्रम थांबवा. आणि काम करताना एकच बोंड घाला. दुसरा कान घराला हवा. मूल रडलं, दूध उतू गेलं, आगरात वरून झावळ सुटली, तर कळलं पाहिजे. रस्त्यानं चालताना आणि गाडीवर तर दोन्ही कान मोकळे.

शेवटी, या महिन्यात घडलेली एक गोष्ट. आमच्यातल्या एका काकूंनी नेकबँड घातला आणि म्हणाल्या, "याची उजवी बाजू बिघडली आहे." आम्ही घालून बघितला, दोन्हीकडे चांगला. मग पट्टा उलटा करून डावं बोंड त्यांच्या उजव्या कानात घातलं. तरी उजवीकडेच कमी. म्हणजे बिघाड वस्तूत नव्हता. त्यांना डॉक्टरांकडे नेलं. आधी कानातला मळ काढला, मग श्रवण चाचणी झाली. त्या कानाला खरंच कमी ऐकू येतं. काकू परत येताना गप्प होत्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं घरात ऐकून घेतलं, तुझं लक्षच नसतं म्हणून." आता घरची माणसं त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बोलतात. इयरफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण ही बोंडं उलटसुलट करून बघायची युक्ती प्रत्येकीनं घरी करावी. फरक वाटला तर आवाज वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा.

मग गटातून घ्यायचे का? आम्ही ठरवलं, नाही. कानातली वस्तू दात घासायच्या ब्रशसारखी, ज्याची त्याला. आणि कर्ज काढून घेण्याइतकी ती गरजेची नाही. जिला हवा तिनं स्वतःच्या बचतीतून घ्यावा. तो घेतला म्हणून तिला कुणी हौशी म्हणू नये, एवढं मात्र बैठकीत एकमतानं ठरलं. हात दिवसभर घरासाठी राबतात, कान थोडा वेळ आपल्यासाठी राहिला तर कुणाचं काही जात नाही.

तुमच्या गटात करून बघा आणि आम्हाला कळवा.